अब्दुल्लाचा अल्बर्ट झाला

पुण्यात कुणाला अपघात झाला की घरी पहिला निरोप येतो तो 'ससूनला नेलंय' असा, आणि ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. 'ससून' या मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ मात्र आनंद असा आहे. शिवाय ते आडनावही नव्हतं. बगदादमधल्या एका ज्यू सराफाचं ते नाव. तुर्की सुभेदाराचा खजिना सांभाळणारा, शहरातल्या ज्यू समाजाचा प्रमुख, लोक ज्याला शेख ससून म्हणत असा तो माणूस. 1792 मध्ये त्याला मुलगा झाला, डेव्हिड. ससूनचा डेव्हिड तो डेव्हिड ससून. इंग्रजी कागदांवर बापाचं नाव आडनाव होऊन बसलं आणि पुढे मुलांची नावं एलियास डेव्हिड ससून, सॉलोमन डेव्हिड ससून अशी लागू लागली. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आपल्या शाळेच्या दाखल्यासारखंच.

मुंबई-पुण्यात हे नाव इतक्या ठिकाणी कोरलेलं आहे की ते आता दिसेनासं झालंय. ससून डॉकवर पहाटे मासळीचा लिलाव पुकारणाऱ्यांना किंवा काळ्या घोड्याच्या लायब्ररीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांना विचारा, हे ससून कोण? बहुतेकांचं उत्तर 'कोणीतरी इंग्रज' असं येतं. इंग्रज ते नव्हतेच. इंग्रज व्हायला त्यांना एक पिढी लागली, आणि त्यातच त्यांचा धंदा गेला असं माझं मत आहे.

बगदादचा सुभेदार दाऊद पाशा पैशासाठी श्रीमंत ज्यूंना धरू लागला, तेव्हा डेव्हिडही तुरुंगात पडला. बापाने खंडणी भरून सोडवलं आणि त्याने रातोरात बगदाद सोडलं. आधी बसरा, मग इराणच्या किनाऱ्यावरचं बुशहर. अंगरख्याच्या अस्तरात मोती शिवून तो निघाला, असं त्याच्या घराण्यात सांगत. अशी कथा बहुतेक निर्वासित घराण्यांत असते, त्यामुळे तिच्यावर फार भार टाकू नये. 1832 मध्ये तो मुंबईत आला. वय चाळीस, पदरी बायको-मुलं, आणि इंग्रजी शून्य. पुढच्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने ईस्ट इंडिया कंपनीची चीनच्या व्यापारातली मक्तेदारी काढून घेतली. नशीब म्हणायचं तर इथे म्हणावं.

फोर्टमध्ये छोटी पेढी टाकून डेव्हिडने इराणी आखाताचा माल घ्यायला-विकायला सुरुवात केली. त्या बंदरांतली भाषा, माणसं, तोलमाप त्याच्या ओळखीचं होतं. पण घराणं मोठं झालं ते अफूवर. हे मराठी वाचकाने जरा थांबून वाचावं, कारण यात आपलाही इतिहास आहे.

बंगाल-बिहारची अफू कंपनी सरकारच्या ताब्यात होती. शेतकऱ्याने सरकारलाच विकायची, सरकारने कलकत्त्यात लिलाव करायचा. माळव्याची अफू मात्र या जाळ्याबाहेर होती, कारण माळवा होळकर आणि शिंद्यांच्या राज्यात होता. कंपनीने ती दाबायचा प्रयत्न केला, तेव्हा माल वळसा घालून कराचीकडून पोर्तुगीजांच्या दमणला जाऊ लागला आणि तिथून चीनला. अखेर कंपनीने शहाणपण केलं. अडवता येत नाही तर पट्टी घ्यावी. मुंबईमार्गे जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर परवाना लावला. 1843 मध्ये सिंध जिंकल्यावर कराचीची वाट बंद झाली आणि पेटीमागे 125 रुपयांची ही पट्टी चार वर्षांत 400 रुपयांवर गेली. तरी व्यापार वाढतच राहिला. मुंबईतल्या पारशी, गुजराती, मारवाडी, कोकणी मुसलमान अशा अनेक पेढ्यांचा पाया याच पेट्यांवर उभा आहे. जमशेटजी जीजीभाईंचाही. ससून या रांगेत उशिरा आले आणि सर्वांच्या पुढे गेले.

कसे गेले, हे पाहण्यासारखं आहे. चीनच्या व्यापारातली बडी स्कॉटिश पेढी जार्डिन मॅथेसन प्रामुख्याने अडतीवर काम करी. मुंबईच्या व्यापाऱ्याने माल पाठवायचा, त्यांनी तिकडे विकून दलाली घ्यायची. ससूनांनी अडत्या होण्याऐवजी थेट माळव्यात हात घातला. पीक उभं असतानाच तिथल्या व्यापाऱ्यांना किमतीच्या मोठ्या हिश्शाची उचल दिली. माल खळ्यातच आपला झाला. दुसऱ्या टोकाला चीनमध्ये विकणारा अडत्या परका नव्हता, पोटचा मुलगा होता. पहिल्या अफू युद्धानंतर 1842 च्या नानकिंग तहाने शांघायसह पाच चिनी बंदरं उघडली, तेव्हा डेव्हिडने दोनच वर्षांत दुसरा मुलगा एलियास तिकडे धाडला. 1870 च्या दशकात जार्डिननी अफूतून अंग काढून घेतलं. त्या सुमारास भारत आणि चीनमधल्या अफूच्या साठ्यापैकी सुमारे सत्तर टक्के ससूनांच्या हाती होता, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

डेव्हिडला दोन बायकांपासून आठ मुलगे झाले. पहिलीचे अब्दुल्ला आणि एलियास, दुसरीचे सहा. आठही जण धंद्यात. एकाला एका शहरात मुरू द्यायचं नाही हा बापाचा नियम. काही वर्षं शांघाय, मग हाँगकाँग, मग मुंबई, मग आणखी कुठे. नोकर बगदादहून येणारी ज्यू मुलं. त्यांच्यासाठी मुंबईत शाळा, राहायची सोय, दवाखाना, प्रार्थनामंदिर आणि शेवटी दफनभूमी, सगळं पेढीचंच. पेढीत शिरलेला पोरगा मरेपर्यंत ससूनांच्या भिंतीबाहेर पडला नाही तरी चाले. ही सोय म्हणावी की पिंजरा, हे ज्याचं त्याने ठरवावं. या पिंजऱ्यातून उडालेल्या दोघांची नावं सांगतो: सायलस हार्डून आणि एली कदूरी. एक शांघायचा मोठा जमीनदार झाला, दुसऱ्याचे वंशज आजही हाँगकाँगमध्ये वीज कंपनी आणि पेनिन्सुला हॉटेल चालवतात. मालकाची पेढी बुडाली, नोकराची टिकली.

या पेढीची एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती म्हणजे पत्रांची भाषा. बगदादी ज्यूंची घरगुती अरबी, पण लिपी हिब्रू. मुंबईहून शांघायला, शांघायहून लंडनला कापसाचे भाव, अफूचा साठा, कुणाचं दिवाळं वाजणार याचा अंदाज, मुलीचं लग्न, सगळं याच लिपीत जायचं. वाटेत कुणाच्या हाती पडलं तरी कळायचं नाही. आपल्याकडे महाजनी मुडी लिपीत हिशेब राहत, त्यातलाच हा प्रकार. डेव्हिड 1853 मध्ये ब्रिटिश प्रजाजन झाला, त्या कागदावरची त्याची सहीसुद्धा हिब्रूत आहे. मरेपर्यंत तो बगदादी अंगरखा आणि पागोट्यात वावरला.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस बंद झाला आणि मुंबईत सोन्याचा पाऊस पडला. 1865 मध्ये युद्ध संपलं. प्रेमचंद रायचंदांसारखा शेअर बाजाराचा राजा जमिनीवर आला, बँका बुडाल्या. ससून तगले. कागदी कंपन्यांच्या शेअरांत ते फारसे गुंतले नव्हते. त्याच वर्षी हाँगकाँग-शांघाय बँक निघाली आणि तिच्या स्थापनेच्या समितीत डेव्हिडचा मुलगा आर्थर होता. हे पाहायला म्हातारा नव्हता. 7 नोव्हेंबर 1864 ला तो पुण्यात वारला. कॅम्पात त्याच्याच पैशाने उभं राहत असलेल्या लाल विटांच्या प्रार्थनामंदिराच्या आवारात त्याला पुरलं. मंदिराचं नाव ओहेल डेव्हिड, पण पुणेकर त्याला लाल देऊळ म्हणतात. डेव्हिडच्या देणगीतून उभं राहिलेलं ससून रुग्णालय 1867 मध्ये उघडलं.

वडील गेल्यावर तीन वर्षांत घर फुटलं. गादी थोरल्या अब्दुल्लाकडे गेली. चीनचा धंदा ज्याने उभा केला त्या एलियासने हाताखाली राहायला नकार दिला आणि 1867 मध्ये ई. डी. ससून अँड कंपनी काढली. पेढ्या दोन, शहरं तीच, माल तोच, आडनाव तेच. शांघायचे चिनी व्यापारी त्यांना 'जुने ससून' आणि 'नवे ससून' म्हणू लागले. भाऊबंदकीची आपल्याला सवय आहे, पण इथे एक फरक होता. फुटल्यावर दोघंही वाढले. एलियासचा मुलगा जेकब याला अफूचे दिवस भरत आल्याचं काकांच्या आधी उमगलं असावं. त्याने पैसा मुंबईच्या कापड गिरण्यांत ओतला आणि नव्या ससूनांचा गिरण्यांचा गट मुंबईतल्या सर्वांत मोठ्या गटांपैकी एक झाला. फोर्टातलं निळं प्रार्थनामंदिर, केनेसेथ एलियाहू, त्याने 1884 मध्ये बापाच्या नावाने बांधलं.

आता अब्दुल्लाकडे येऊ. मुंबईवर सर्वांत जास्त खुणा त्याच्या आहेत. कुलाब्याला समुद्र हटवून त्याने 1875 मध्ये ससून डॉक बांधला. ओहोटीलाही पाणी अडवून धरणारी मुंबईतली ही पहिली गोदी. तोवर जहाजं खोल पाण्यात उभी राहत आणि माल पडावांतून किनाऱ्यावर येई. पुढे सरकारने गोदी विकत घेतली, कापूस गेला, मासळी आली. लायब्ररीच्या इमारतीला 60,000 रुपये मात्र बापाने दिले होते. प्रिन्स ऑफ वेल्सच्या 1875-76 च्या दौऱ्याची आठवण म्हणून राजपुत्राचा अश्वारूढ पुतळा अब्दुल्लाने शहराला भेट दिला. लोकांनी वर बसलेल्या राजपुत्राची दखलच घेतली नाही, चौकाला काळा घोडा म्हटलं. 1965 मध्ये पुतळा उचलून राणीच्या बागेत नेला, तरी नाव राहिलं. 2017 मध्ये तिथे नवा घोडा बसवला, तो बिनस्वाराचा. लोकांनी शंभर वर्षं आधीच जे केलं होतं ते अधिकृत झालं.

पुतळा बसवला तोवर दाता स्वतः मुंबईत नव्हता. 1872 मध्ये 'सर' झालेला अब्दुल्ला लंडनला राहायला गेला होता आणि त्याचा अल्बर्ट झाला होता. धाकटा अब्राहम आर्थर झाला, फराज फ्रेडरिक झाला. रूबेन आणि आर्थर त्याच राजपुत्राच्या मित्रमंडळात शिरले. शर्यती, शिकारी, पत्ते, मेजवान्या. 1890 मध्ये अल्बर्टला वंशपरंपरागत किताब मिळाला. धंदा भावाकडे सोपवायचा आणि आपण दरबारात बसायचं, हे एका भावाने केलं तर चालतं. सगळ्यांनाच दरबारात बसायचं होतं. मुंबईत राहिला सॉलोमन. तो 1894 मध्ये गेला.

मग पेढी चालवली ती त्याच्या विधवेने. फार्हा ही अल्बर्टची नात. म्हणजे डेव्हिडची पणती आणि सूनही. नातं लावायला बसलात तर डोकं फिरेल. हिब्रू, अरबी, हिंदुस्थानी, इंग्रजी अशा कितीतरी भाषा तिला यायच्या, धर्मग्रंथांवर ती पंडितांशी वाद घाले. पदरात तीन मुलं, त्यातली एक मुलगी अपंग. तरी ती रोज पेढीवर जाऊन बसू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इतक्या मोठ्या जागतिक व्यापारी पेढीची सूत्रं हाती असलेली बाई जगात शोधून सापडायची नाही. त्यात 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिन यांनी जानेवारी 1897 मध्ये भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात स्वतःवर लस टोचून पाहिली. लोक सुईला घाबरून पळत होते. फार्हाने स्वतः लस घेतली आणि इतरांना घ्यायला लावली.

लंडनच्या पुतण्या-दिरांना मात्र तिच्या हाताखाली राहणं जड जात होतं. 1901 च्या सुमारास कंपनीची फेररचना झाली आणि कारभार तिच्याकडून काढून घेण्यात आला. ती मुलांना घेऊन इंग्लंडला गेली, तिथे फ्लोरा ससून म्हणून विद्वत्तेसाठी नावाजली आणि 1936 मध्ये वारली. जुन्या ससूनांचा शेवट कशाने झाला यावर बरंच लिहिलं गेलंय: अफूबंदी, महायुद्ध, जपानची स्पर्धा. अफू गेली हे खरंच. 1907 मध्ये चीनशी करार होऊन निर्यात वर्षागणिक घटवायचं ठरलं आणि 1913 मध्ये चीनला जाणारी विक्री थांबली. पण जेकबच्या शाखेलाही अफू गेलीच होती, ती गिरण्यांवर जगली. माझ्या मते जुन्या पेढीचा निकाल 1901 लाच लागला होता. बगदादी अरबीतलं पत्र वाचून त्यातला भाव ओळखणारं शेवटचं माणूस त्यांनी स्वतःच्या हाताने घालवलं.

अफूबद्दल घराण्यात कुणाला लाज वाटली का? लंडनमध्ये अफूविरोधी चळवळ 1870 च्या दशकापासून जोरात होती, 1893 मध्ये शाही आयोग बसला. ससूनांचं म्हणणं व्यापाऱ्यांचं नेहमीचंच राहिलं. धंदा कायदेशीर आहे, सरकार स्वतः त्यावर पोट भरतं, आम्ही सोडला तर दुसरा करील. तिन्ही विधानं खरी होती. ससून रुग्णालयात जीव वाचलेल्यांची आणि शांघायच्या अड्ड्यांवर झिजलेल्यांची बेरीज-वजाबाकी मांडायच्या भानगडीत मी पडणार नाही. पण रुग्णालयाच्या दगडाखाली ही अफूची पेटी आहे, एवढं पुणेकराला माहीत असावं.

नातवंडं-पणतवंडांच्या पिढ्यांत हुशारी कमी नव्हती, ती धंद्याबाहेर गेली इतकंच. एका शाखेतला अल्फ्रेड ज्यू नसलेल्या मुलीशी लग्न करून घराण्याने टाकलेला. त्याचा मुलगा सिगफ्रिड पहिल्या महायुद्धात लढला, पदक मिळवलं आणि 1917 मध्ये युद्ध उगाच लांबवलं जातंय असं जाहीर पत्रक काढलं. इंग्रजीत युद्धकवी म्हणून त्याचं नाव आहे. त्याची आत्या रेचेल बीअर, जन्म मुंबईचा, 1890 च्या दशकात लंडनच्या 'ऑब्झर्व्हर' आणि 'संडे टाइम्स' या दोन्ही पत्रांची संपादक होती. अल्बर्टचा नातू फिलिप खासदार, मग विमान खात्याचा उपमंत्री झाला. त्याच्या पोर्ट लिम हवेलीत मेजवान्यांना पंतप्रधान येत. आज तिथे प्राणिसंग्रहालय आहे. 1939 मध्ये तो अविवाहित वारला आणि अल्बर्टचा किताब संपला.

धंदा ज्याच्या अंगात होता असा शेवटचा ससून व्हिक्टर, एलियासचा नातू. विमान अपघातात पाय अधू झालेला, घोड्यांचा आणि कॅमेऱ्याचा शौकीन. मुंबईच्या गिरणी मालकांचा प्रतिनिधी म्हणून तो दिल्लीच्या कायदेमंडळात बसला. नव्या ससूनांच्याच गिरण्यांत विणकराने दोनाऐवजी तीन साचे सांभाळायचे, अशी नवी पद्धत आली. 1928 च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपाच्या पोटात जी कारणं होती त्यांतलं हे एक. गिरणगावातल्या जुन्या लोकांनी बापाजवळून 'शीशूनची मिल' ऐकलं असेल, ती ही. व्हिक्टरने संप, कर आणि राष्ट्रीय चळवळ यांचा हिशेब केला आणि 1930 च्या सुमारास पैसा उचलून शांघायला नेला. तिथे नदीकाठी हिरव्या टोकदार छपराचं त्याचं कॅथे हॉटेल 1929 मध्ये उघडलं होतं. मुंबई सोडून त्याने सुरक्षित म्हणून निवडलेलं शहर शांघाय! 1937 मध्ये जपानी आले, 1949 मध्ये कम्युनिस्ट. मधल्या काळात युरोपातून पळून आलेल्या हजारो ज्यूंना त्याने आपल्या इमारतीत थारा दिला, हे त्याच्या खाती मांडलं पाहिजे. मालमत्ता सगळी गेली. तो बहामाला जाऊन राहिला, त्याच्या घोड्यांनी 1953 ते 1960 या काळात चार वेळा इंग्लंडची डर्बी जिंकली, आणि 1961 मध्ये तो निपुत्रिक वारला.

मुंबईच्या त्याच्या गिरण्या महायुद्धाच्या काळातच विकल्या गेल्या होत्या. नव्या मालकांनी त्यांना इंडिया युनायटेड मिल्स म्हटलं, पुढे त्या सरकारकडे गेल्या. त्यांतली सहा नंबरची दादरच्या समुद्राकाठची. तिला लोक इंदू मिल म्हणत. तिथेच आता बाबासाहेबांचं स्मारक उभं राहतंय.

फार्हाच्या मुलाने, डेव्हिड सॉलोमन ससूनने, आयुष्यभर हिब्रू हस्तलिखितं जमवली. 1929 मध्ये त्याने घेतलेलं हजार-अकराशे वर्षांपूर्वीचं एक बायबल 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 3 कोटी 81 लाख डॉलरला गेलं. घराण्याने जमवलेल्या वस्तूंपैकी इतकी किंमत बहुधा कशालाच आली नसेल.

अल्बर्टने इंग्लंडमध्ये ब्रायटन गावी स्वतःसाठी घुमटाची कबर बांधून ठेवली होती. 1896 मध्ये त्याला तिथे ठेवलं. 1933 मध्ये नातवाने, फिलिपने, अस्थी लंडनला हलवून इमारत विकली. तिथे पुढे दारूचा गुत्ता झाला, घुमट अजून तसाच आहे. बापाची कबर मात्र पुण्यात जागच्या जागी आहे. पाहायची असेल तर लाल देवळाच्या व्यवस्थापनाकडून आधी परवानगी घ्या आणि ओळखपत्र सोबत न्या. दारावर पोलीस असतात.